अध्यक्षांच्या अपरोक्ष

'क्ष' ओळखीचा निघाला. बाकीचं पान कुणाचंही असू शकलं असतं. नगरपालिकेच्या इतिवृत्ताच्या वहीतलं एक पान, झेरॉक्समध्ये कडा काळवंडलेल्या, डावीकडे दोन बोटं समास, कुठेही खाडाखोड नाही. पण सातव्या ओळीतल्या 'क्ष'ची शेपटी खाली उतरत आठव्या ओळीच्या शिरोरेघेला टेकली होती, आणि अशी टेकणारी शेपटी तिने आयुष्यात एकाच माणसाच्या अक्षरात पाहिली होती. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या वेळापत्रकावर 'वार्षिक परीक्षा' लिहिताना बाबा ती अशीच खाली सोडायचे, आणि त्या शेपटीखाली येणारा विषय, बहुधा भूमिती, भोसकल्यासारखा दिसायचा. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. क्ष तसाच होता. पलीकडच्या टेबलावरून मांडणीवाली म्हणाली, "ताई, चौदा ओळी आहेत की नाहीत, तेवढं सांगा. माझा भुंगा अडकलाय."

"सांगते."

"पाचला पान जायचंय."

"माहितेय गं."

भुंगा म्हणजे विश्वकोशातली आधीची नोंद, लाकूड पोखरणारा. नंतरची नोंद एका खाऱ्या सरोवराची. या दोघांच्या मध्ये, वर्णानुक्रमाच्या कृपेने, एका माजी नगराध्यक्षाला चौदा ओळींची जागा राखून ठेवलेली होती. जन्मभर काय करावं हे माणसाच्या हातात थोडंफार असतं. कोशात शेजारी कोण यावं हे अजिबात नसतं. कार्डावर त्याचं पूर्ण नाव होतं, पण शहरात ते कुणी वापरत नसे. सगळे त्याला 'माजी' म्हणत. चार वर्षं अध्यक्ष आणि मग मरेपर्यंत चौतीस वर्षं माजी. त्यातली दुसरी कारकीर्द जास्त यशस्वी. या शब्दात माज आहे, असं त्याचे विरोधक म्हणत, पण तेही आजूबाजूला बघून. स्थानिक राजकारण्यांना नोंद नाही, हा कोशाचा पहिल्या खंडापासूनचा नियम. अपवाद एकच : ज्याने आपल्या कृतीने सार्वजनिक जीवनाला वळण लावलं असा माणूस. माजीची कृती एकच होती आणि ती शाळेतल्या मुलांनाही पाठ होती. त्याने राजीनामा दिला होता. खालच्या वस्तीतलं अग्निशमन केंद्र हलवून नव्या वसाहतीत नेण्याचा ठराव पालिकेने केला, तेव्हा तो सभेला नव्हता. आठ महिन्यांनी खालच्या वस्तीतला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना पेटला. बंब यायला बावीस मिनिटं लागली. अकरा जण गेले. दुसऱ्या दिवशी माजी पालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, ठराव माझ्या गैरहजेरीत झाला, पण खुर्ची माझी आहे, म्हणून पाप माझं आहे. एवढं बोलून तो घरी गेला. न केलेल्या चुकीसाठी पद सोडणारा माणूस! प्रमुख संपादक तर कार्ड बघून खूशच झाले होते. "अहो, केलेल्या चुकीसाठी कुणी सोडत नाही इथे. हा त्या भुंग्यापेक्षा दुर्मीळ प्राणी. घ्या, घ्या."

आणि तिने घेतला होता. तीन आधार लागतात, तीन मिळाले : एक स्मरणग्रंथ, एक मृत्युलेख, एक शोधप्रबंध. तिन्हींतही 'अनुपस्थितीत' हा शब्द, आणि तिन्हींच्या तळटिपा इतिवृत्ताच्या त्याच एका पानाकडे बोट दाखवणाऱ्या. त्या पानाची टंकलिखित नक्कल गेल्या आठवड्यात आली, तेव्हा तिच्यात लिहिलं होतं, 'ठराव क्रमांक एकशे बारा अध्यक्षांच्या अपरोक्ष बहुमताने संमत झाला.' तिने लाल शाईने 'अपरोक्ष'वर काट मारून वर 'परोक्ष' लिहिलं आणि मनातल्या मनात त्या अडाणी लेखनिकाची कीव केली. सगळे हीच चूक करतात. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे त्याच्या उलट, डोळ्यांदेखत. पण माणसं 'पाठीमागे' म्हणायचं असलं की 'अपरोक्ष' म्हणतात, लिहितात, छापतात, आणि आता तर काही शब्दकोशांनीही हात टेकून दोन्ही अर्थ दिले आहेत. काट मारताना तिला बरं वाटलं होतं. तीस वर्षं लाल शाईवर काढल्यावर माणसाला दुसऱ्याच्या चुकीत एक ऊब मिळते. मग मूळ पान पाहिल्याशिवाय सही नाही, या आपल्याच खोडीपायी तिने पालिकेच्या अभिलेखागारातून झेरॉक्स मागवली, आणि आता ती समोर होती, आणि तो अडाणी लेखनिक बाबा होते.

बाबा शब्द चुकत नसत. ही घरातली अभिमानाची गोष्ट नव्हती, छळाची होती. आई यादीत 'साबून' लिहायची तर यादी परत यायची. नातेवाइकांची पत्रं बाबा उत्तराआधी तपासायचे, आणि एका मावशीने त्यापायी पत्र पाठवणंच बंद केलं. तिला स्वतःला आठवत होता तो निबंध. अकरावीतला, 'माझी एक चूक' की असाच काहीतरी. तिने लिहिलं होतं, 'आईच्या अपरोक्ष मी तिची साडी नेसले.' बाबांनी पेन्सिल खाली ठेवली होती. पेन्सिल खाली ठेवणं हे वाईट लक्षण. "आईच्या समोर नेसलीस?" नाही, आई बाहेर गेली होती. "मग अपरोक्ष कसं?" आणि ते इतके चिडले की आई स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, अहो, एका शब्दावरून पोरीला किती बोलाल? बाबा म्हणाले, "हा शब्द नीट कळलाच पाहिजे हिला. दुसरा एखादा नाही कळला तरी चालेल." त्या वेळी ते वाक्य विक्षिप्त वाटलं होतं. आज, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत असताना आणि मांडणीवाली नखांनी टेबल वाजवत असताना, तिने बोटांवर हिशेब केला. अकरावी. आग त्याच वर्षी, हिवाळ्यात. निबंध त्यानंतरचा, वर्ष संपता संपता. वर्गात पुठ्ठेवाल्याची मुलगी होती, तिची थोरली बहीण त्या अकरांत होती. ही धाकटी परीक्षेआधी वह्या मागायला आली आणि बाबा उठून आतल्या खोलीत गेले, ते ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. त्याच उन्हाळ्यात बाबा हेडक्लार्क झाले, मोठं क्वार्टर मिळालं, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा दार असलेली खोली. त्याच खोलीत बसून तिने भाषेची पदवी घेतली.

एक वाजता ती डबा टेबलावरच ठेवून निघाली. घर पायी बारा मिनिटांवर. वाटेत सार्वजनिक वाचनालय लागतं, माजीच्या नावाचं; दारातून आतली लांब टेबलं दिसतात आणि भिंतीवर त्याचा फोटो, पायऱ्यांवर उभा असतानाचा. बाबा रोज नऊ ते अकरा त्या फोटोखाली बसून सहा वर्तमानपत्रं वाचतात. पंख्याखाली म्हणून ती जागा त्यांना आवडते, असं तिने गृहीत धरलं होतं. आज तिने दारातून पाहिलं तर पंखा त्या टेबलाच्या बराच पलीकडे होता. ती चालत राहिली. पायाखालची फरशी नेहमीचीच, पण पाऊल टाकताना प्रत्येक वेळी किंचित खोल वाटत होती. तिने मनात एक वाक्य तयार केलं. चूक झाली असेल तुमची. घाईत असाल. सगळेच तसं लिहायचे. वाक्य चांगलं होतं. त्यात बाबा अडाणी ठरत होते, पण सुटत होते. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

"आज कशी काय?" बाबा म्हणाले. त्र्याऐंशीव्या वर्षीही ते जेवताना ताटाशेजारी वर्तमानपत्र आणि पेन्सिल ठेवत. "डबा विसरलीस?"

"नाही. हे बघा जरा."

त्यांनी हात पुसले, झेरॉक्स उजेडाकडे धरली. "फार वाईट काढली आहे. तिसऱ्या ओळीतली वेलांटी पुसली गेलीय."

"सातवी ओळ."

"भिंग आण. दिसत नाही."

"वेलांटी दिसली ना?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिने तयार केलेलं वाक्य काढलं आणि समोर ठेवलं, ताटात वाढावं तसं. "बाबा, चूक होते. त्या काळी सगळेच तसं लिहायचे. तुम्ही घाईत असाल."

"कुणाची चूक?"

"तुमची."

तिने चोरीचा आळ घेतल्यासारखं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बावन्न वर्षांची झालीस. तीस वर्षं कोशात आहेस. आणि मला विचारतेस, मला हा शब्द येतो का?"

"मग ते होते सभेला."

"मी लिहिलंय ना."

"बाबा, सरळ सांगा."

"सरळच लिहिलंय. ठराव झाल्यावर ते मला म्हणाले, मी नव्हतो असं लिहा. खालची वस्ती त्यांच्या मतांची, तिथे शब्द देऊन आलेले, केंद्र हलू देणार नाही म्हणून. एकोणीस सभासद ऐकत होते. कुणी मान वर केली नाही. मी म्हटलं, लिहितो. घरी वही आणली, रात्रभर... नाही, रात्रभर नाही, उगाच कशाला, तासभर बसलो. मग हा शब्द सुचला. त्यांनी वाचला. म्हणाले, छान. सही केली."

"आणि आगीनंतरच्या चौकशीत?"

"चौकशीत मला एकच विचारलं. तुम्ही लिहिलं ते खरं आहे का? म्हटलं, अक्षरन् अक्षर खरं आहे."

"अर्थ नाही विचारला?"

"शिकलेली माणसं होती. अर्थ कशाला विचारतील?"

तिला हसू आलं, आणि हसू येतंय याची लाज वाटली. तिने खुर्चीची पाठ धरली. बाबांनी ताटाशेजारची पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. "मी खोटं लिहिलं नाही," ते म्हणाले. "त्या खोलीत मी एकटाच होतो, ज्याने खोटं लिहिलं नाही."

"कुणाला कळू नये असं खरं लिहिलंत."

"कळणाऱ्याला कळेल असं लिहिलं."

"छत्तीस वर्षं, बाबा!"

"मी काय करू, लोकांना भाषा येत नाही त्याला?" आणि मग एकदम खालच्या आवाजात, "हेडक्लार्क मी ज्येष्ठतेने झालो. तो विषय वेगळा." तिने तो विषय काढलाच नव्हता. त्यांनी झेरॉक्सची घडी घातली, नखाने दाबली, तिच्या हातात दिली. "नोंद घेताय त्यांची? घ्या. तो शब्द तसाच ठेव. दुरुस्त करू नकोस. कुणाचं काही बिघडत नाही, आणि खोटंही काही नाही. अपरोक्ष. झालं." ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, लहानपणी पाढे म्हणताना बघायचे तसे, पुढचा आकडा तिच्याच तोंडून यावा म्हणून. मग म्हणाले, "लेखनिकाचं नाव येतं का कोशात?"

"एरवी नाही येत."

"नाही येत?" त्यांनी परत विचारलं. हा सुस्कारा होता की तक्रार, हे तिला कळलं नाही, आणि परतीच्या बारा मिनिटांत ती फक्त तेवढाच विचार करत राहिली, कारण दुसरा विचार केला की पाय थांबत होते.

कारण दुसरा विचार अगदी सोपा होता. बाबांनी दिलेला तोडगा उत्तम होता. चौदा ओळींत एक शब्द, आणि तोही मूळ इतिवृत्तातला. उद्या कुणी विचारलंच तर बोट ठेवायला आधार. माजीच्या वाचनालयात बाबांची जागा राहील. गल्लीतले लोक त्यांना 'साहेब' म्हणतात, ते म्हणत राहतील. पुठ्ठेवाल्याची मुलगी अजून याच शहरात होती, भाजीच्या रांगेत कधीतरी भेटायची, 'वडील कसे आहेत?' विचारायची; ती विचारत राहील. सगळं जिथल्या तिथे. आणि काही वर्षांनी दुसरी कुणीतरी तिच्यासारखीच लाल शाईवाली तो शब्द बघेल, कोशातल्या अडाणी संपादिकेची कीव करेल आणि काट मारून 'परोक्ष' लिहील. ही साखळी तिला इतकी स्पष्ट दिसली की तिने जिन्यावर कठडा पकडला. भित्रेपणा हा शुद्धलेखनासारखा असतो, घरात लहानपणी शिकवतात आणि मग तो आपलाच वाटतो. अर्थात ती स्वतःही काही फार शूर नव्हती. आणखी एक वाट तिला जिना चढतानाच सुचली होती : कार्डावर 'स्थानिक महत्त्व, नोंद नको' असं लिहायचं आणि सही करायची. दोन सेकंदांचं काम. भुंगा सुटेल, सरोवर वर सरकेल, बाबा वाचतील. माजी नाही म्हणून कोशाचं काहीही अडणार नव्हतं. तिने टेबलाशी बसून पेनचं टोपण काढलं आणि 'स्थानिक' असं लिहिलंही. स, थ, आ... मग पुठ्ठ्याचा वास आला. खरं तर कुणीतरी नव्या खंडांची खोकी आणून दाराशी रचली होती, एवढंच. ओलसर, गोंदाचा, गोडसर वास. तिने शब्द खोडला. नवा कागद घेतला आणि लिहिलं : ठराव त्यांच्या उपस्थितीत संमत झाला. तसं नोंदवू नये, असं त्यांनी सांगितलं होतं.

साडेचारला प्रमुख स्वतः आले, कारण मांडणीवालीने त्यांच्याकडे तक्रार केली होती. त्यांनी उभ्याउभ्या कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि 'उपस्थितीत'च्या आधी 'अन्' घालायला गेले. "'अन्' राहिला बघा."

"राहिला नाही, सर."

"म्हणजे?"

तिने झेरॉक्स पुढे केली, शब्दावर बोट ठेवलं. प्रमुखांनी वाचलं. ते भाषेचे माणूस. त्यांना पाच सेकंद लागले. मग ते शेजारच्या स्टुलावर बसले. "अरेच्चा!" ते म्हणाले. त्यांनी पेन खिशात ठेवलं. "मग प्रश्नच मिटला. नोंद नको. खोटं बोलणाऱ्या नगराध्यक्षांना घ्यायचं ठरवलं तर चाळीस खंड काढावे लागतील आपल्याला."

"नोंद हवी, सर. आत्ताच हवी झाली."

"का?"

"एका शहराने छत्तीस वर्षं एक शब्द चुकीचा वाचला. त्यावर वाचनालय बांधलं, धडा लिहिला, प्रबंध लिहिला. हे स्थानिक नाही. हे कुठेही होऊ शकतं."

"मी ऐकतोय. पण आधार काय? शब्दाचा अर्थ?" त्यांचा आवाज मऊ होता आणि म्हणूनच जास्त अवघड. "उद्या त्यांचा पुतण्या वकील घेऊन आला आणि म्हणाला, लेखनिक अडाणी होता, त्याला 'अनुपस्थितीत' म्हणायचं होतं, तर? सगळेच ही चूक करतात. तुम्ही स्वतः काट मारलीत या टंकलिखित नकलेत, बघा, तुमचीच शाई. लिहिणारा म्हणाला पाहिजे की मला हेच म्हणायचं होतं. आणि छत्तीस वर्षांपूर्वीचा लेखनिक! हयात तरी आहे का?"

मांडणीवालीची नखं थांबली होती. 'माहीत नाही' हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, नीट बसलेले, निर्दोष. ते उच्चारायला काहीच लागलं नसतं.

"आहेत," ती म्हणाली. "माझे वडील."

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं, मग मांडणीवालीकडे, मग फोनकडे. नंबर तिनेच फिरवला. पाच वेळा वाजला. प्रमुखांनी रिसीव्हर घेतला, ओळख सांगितली, आदराने, जरा मोठ्याने. "तुम्ही लिहिलेल्या एका शब्दाचा अर्थ विचारायचा होता." मग ते ऐकत राहिले. तिला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त बारीक खरखर. प्रमुखांनी खिशातलं पेन काढलं, कोरा कागद मागितला, तिने दिला. ते लिहू लागले आणि लिहिता लिहिता, सवयीने, मोठ्याने म्हणू लागले. "होते... माझ्या डाव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीत... हात पहिला त्यांनीच वर केला... मी पाहिला... हो, हो, सावकाश... मला तेच म्हणायचं होतं. दुसरं काही म्हणायचं नव्हतं." ते थांबले. "तुमचं नाव द्यावं लागेल, साहेब. आधारात." मग त्यांनी रिसीव्हर तिच्यापुढे केला. "तुम्हाला मागतायत."

"बाबा?"

"काय लिहिलंयस, वाच."

तिने आपल्या कागदाच्या तळाशी आधाराची ओळ लिहिली आणि तो उचलला. वाचला, पहिल्या ओळीपासून, सभेत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतात तसा, ना वर ना खाली अशा आवाजात. अग्निशमन केंद्र, आठ महिने, बावीस मिनिटं, अकरा. ठराव त्यांच्या उपस्थितीत संमत झाला. तसं नोंदवू नये, असं त्यांनी सांगितलं होतं. आधार : तत्कालीन सभालेखनिक. आणि मग तिने बाबांचं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासकट, जे तिचंही होतं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. सभेत अशा वेळी अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत? आणि कुणी बोललं नाही तर एक शब्द म्हणतात, की त्यानंतर त्या पानात कुणाला काही बदलता येत नाही.

"कायम," बाबा म्हणाले.